माळावर कायमची चराईबंदी नको

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या सोलापूर, बार्शी, करमाळा भागात माळरान वाचवायचं म्हटलं की कुंपण घाला, चर खोदा, झाडं लावा आणि जनावरं बंद करा असं ठरूनच गेलंय. त्यातल्या चराईबंदीबद्दल मला लिहायचंय, कारण ती काही काळ गरजेची असते हे खरं, पण कायमची केली की माळाच्याच मुळावर येते.

जिथं वर्षभर जनावरं तुटून पडतात तिथं मातीत कुजून खत व्हायला काडीसुद्धा उरत नाही, माती उघडी पडते, तापते आणि पहिल्याच वळवात वाहून जाते. शिवाय जनावर आधी चवीचं खाणार, म्हणजे मारवेल, पवन्यासारखी गवतं संपणार आणि ज्याला कोणी तोंड लावत नाही असलं चरबट काहीतरी वाढणार, त्याचा पाला कुजतही नाही लवकर. अशा जागी दोनतीन वर्षं बंदी घाला, माझी काहीच हरकत नाही.

पण पुढे ती बंदी उठवायला कोणी येतच नाही ना. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि उभंच राहतं. आपल्याकडे पावसाचे महिने जेमतेम चार, बाकी सगळं कोरडं, उभ्या काडीला ओल मिळत नाही, बुरशी लागत नाही, त्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अगदी नावाला, त्यामुळे जीवाणूंचंही तिच्यावर भागत नाही. तीच काडी मोडून मातीला टेकली की वाळवी लागते, पावसात बुरशी धरते. हे मोडायचं काम खुरं करतात. आणि जे मेंढीच्या पोटात गेलं ते दोनतीन दिवसात लेंडी होऊन बाहेर येतं, मुतातला युरिया मातीला नायट्रोजन देतो तो वेगळाच. आपला शेतकरी उगाच नाही रानात मेंढ्या बसवायला धनगराला धान्य, पैसे देत. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात नर ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग घालतो, खत होतंच पण एकाच जागी साचतं, मेंढ्यांचं तसं नाही, कळप फिरेल तिथं लेंडी पडत जाते.

जनावरं नसली की दुसरं काय होतं तर वणवा. फेब्रुवारी-मार्चात वाळलेला माळ पेटला की गवतातला नायट्रोजन बहुतेक धुरातच जातो. टांझानियाच्या सेरेंगेटीत उलटं घडलं, १९६० नंतर तिथला गुरांना आणि रानटी जनावरांना मारणारा बुळकांड्या रोग आटोक्यात आला, विल्डबीस्ट नावाची चरणारी रानटी जनावरं तीनेक लाखांवरून दहा लाखांच्या वर गेली, त्यांनी गवत चरून काढलं आणि वणवे कमी झाले.

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. हिमाचलमधल्या स्पितीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी कुंपण घालून १६ वर्षं मोजमाप केलं, २०२२ मध्ये ते छापून आलं. जिथं चरणारी जनावरं आत येऊ दिली नव्हती तिथं मातीतला कार्बन एका वर्षातून दुसऱ्या वर्षात ३० ते ४० टक्के जास्त वरखाली होत होता, म्हणजे तो स्थिर राहत नव्हता, आणि त्यामागे मुख्य कारण नायट्रोजनचं. स्पिती थंड आणि आपला माळ तापलेला, म्हणून जसंच्या तसं इथं लागू होईल असं मी म्हणत नाही. त्याच गटाने पुढे हेही दाखवलं की पाळीव जनावरं रानटी जनावरांची जागा पूर्ण भरून काढत नाहीत, जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिक्सचा मातीतल्या जीवाणूंवर परिणाम होतो असा त्यांचा अंदाज आहे, तेव्हा औषधपाण्याकडेही बघावं लागेल.

माझी मागणी साधी आहे. कुंपणातल्या माळाचे भाग पाडा, गवताचं बी पडून गेलं की, म्हणजे साधारण नोव्हेंबरनंतर, एकेक भाग आळीपाळीने थोडे दिवस मेंढ्यांना मोकळा करा, कधी आणि किती दिवस ते ठरवताना धनगरांना सोबत बसवा, कारण कुसळं गळायच्या आधी कळप घातला तर ती लोकरीत आणि कातड्यात घुसतात हे त्यांना कोणी शिकवायला नको. एक तुकडा पूर्ण बंद ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. जाळीच्या छोट्या पिशव्यांमध्ये वजन केलेलं वाळलं गवत भरायचं, दोन्हीकडे मातीवर ठेवायचं आणि दर दोन महिन्यांनी काही पिशव्या उचलून किती उरलं ते तोलायचं, एवढं तर तालुक्याच्या कॉलेजातली पोरंही करतील. येत्या दिवाळीनंतर निदान एका गायरानावर तरी हे सुरू व्हावं.

आपला एक वाचक, बार्शी