संज्या, नदी नाही कशी बे?

सोलापूर

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, मुळा-मुठेच्या काठाचे फोटो पण बघितले. दगडी घाट, फिरायला रस्ता, संध्याकाळची गर्दी, सगळं झकास. पण खाली जे लिहिलंस ना, "आपल्या सोलापुरात असलं काय होणार, आपल्याकडं नदीच नाही", ते वाचून डोकंच फिरलं माझं.

नदी नाही कशी बे? आदिला आहे की. तिलाच अडवून इंग्रजांनी एकरुखचं धरण बांधलं, 1871 मध्ये, तुळजापूर रोडला लागतो तो आपला हिप्परग्याचा तलाव. तिथनं ती गावाच्या कडेकडेनं खाली सीना नदीकडं जाते, पण उन्हाळ्यात सांडपाणीच जास्त दिसतं म्हणून लोक तिला सरळ नाला म्हणतात, आणि एकदा नाला म्हटलं की मुरूम टाकून प्लॉट पाडायला कुणाला काय वाटत नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, तेव्हा चार दिवस सगळ्यांना नद्या आठवल्या. परत सामसूम.

आता सिद्धेश्वर तलावाचं बघ. बाराव्या शतकात आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, लोकांना हाताशी धरून, श्रमदानानं तो खोदून घेतला, आणि पुढं बहामनी काळात किल्ला बांधणाऱ्यांनी काय डोकं लावलं माहितीय, तीन बाजूंना खंदक खणला आणि पूर्वेला हा तलावच ठेवला, म्हणजे तिकडनं फुकटात संरक्षण. लहानपणी हुतात्मा बागेत घसरगुंडी खेळून आपण त्या खंदकात डोकावायचो, पण हे कधी कुणी सांगितलं नाही आपल्याला. शाळेची सहल आली की मास्तर फक्त "रांगेत चला".

माझं म्हणणं एवढंच आहे की जुने लोक पाण्याची वाट आधी धरायचे आणि मग बाजूला वस्ती, बाग, देऊळ. आता उलटं चाललंय. सुशोभीकरण म्हणजे पेव्हर ब्लॉक, रेलिंग, रंगीत लाईट, एक सेल्फी पॉईंट. मागं वळवाचा पाऊस झाला तेव्हा असाच एका तलावाच्या काठानं चाललेलो, नव्या फरशीच्या कडेला पाणी जायला भोकं ठेवलीत, त्यातल्या एकात नारळाची शेंडी आणि चुरमुऱ्याची पिशवी अडकलेली, रस्त्यावर घोटाभर पाणी आणि दोन हातांवर तलाव! मी काठीनं ती पिशवी ओढली तर एक काका म्हणाले, राहू द्या हो, महापालिका करेल. कंबर तलावाचं पण तेच, जलपर्णी काढायची, फोटो काढायचे, पण गटारीचं पाणी येतंच राहतं मग ती परत माजणारच की.

एक गोष्ट मात्र गावानं नीट जपलीय, ती म्हणजे गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, काठ्यांची वाट. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या 68 लिंगांना दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज जातात, त्या एवढ्या उंच काठ्या जुन्या पेठांतल्या बोळांतनं न्यायच्या म्हणजे वाट मोकळी ठेवावीच लागते, वायरी सुद्धा आड येऊन चालत नाही. कुठला हेरिटेजचा बोर्ड नाही, कुठलं टेंडर नाही, तरी जुन्या सोलापूरचा नकाशा त्या वाटेनं टिकून राहिला असं मला वाटतं. आदिलेच्या काठानं अशी एक वारी सुरू केली असती तर तिच्यावर भराव टाकायची कुणाची छाती झाली नसती.

तुमच्याकडं 44 किलोमीटर काठाचं काम चाललंय म्हणतात. तिथं झाडं किती तोडली आणि पुराचं पाणी कुठं जाणार हे पण विचार जरा, नुसते घाटाचे फोटो नको पाठवू.

तर यंदा गड्ड्याला ये. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकड, रात्री स्टेशनवर घ्यायला येतो. सकाळी गाडीवर हिप्परग्यापासनं आदिलेच्या कडेनं जमेल तेवढं खाली जाऊ, बूट जुने आण. आई विचारत होती तुला शेंगाचटणी किती पाहिजे, ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या