ड्राफ्टमध्ये नाव आलं हे छापता, पुढे काय झालं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती. मी नागपूरला राहतो, नोकरी सांभाळून गेली अठरा वर्षं सकाळी पोट्ट्यांना बास्केटबॉल शिकवतो. मागच्या महिन्यात आमच्या कोर्टवरच्या एका मुलाचे वडील भेटायला आले, एसटीत कंडक्टर आहेत, ड्युटी संपवून खाकी ड्रेसवरच आलेले आणि हातात फाइल. फाइलमध्ये एका एजंटचं पत्रक आणि पेपरची जुनी कात्रणं. मुलगा १९ वर्षांचा, सहा फूट पाच इंच, शॉट चांगला आहे त्याचा. एजंट म्हणतो मी अमेरिकेत ट्रायआउटला म्हणजे निवड चाचणीला नेतो, तिथून जी लीगचा ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंची निवड, तिथून एनबीए म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग, आणि खर्च सांगितला नऊ लाख. वडील मला विचारतात, "सर, गावाकडची दीड एकर आहे, काढून टाकू का?"

त्या दिवशी मला रात्रभर झोप नाही लागली. कारण त्या फाइलमधली कात्रणं खोटी नव्हती, बातम्या खऱ्याच होत्या, फक्त अर्ध्या होत्या.

पहिलं कात्रण पलप्रीत सिंग ब्रारचं. पंजाबचा हा उंच खेळाडू, भारतात एनबीएने घेतलेल्या टॅलेंट हंटमधून पुढे आला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये लाँग आयलंड नेट्सने त्याला डी-लीगच्या ड्राफ्टमध्ये घेतलं. डी-लीग म्हणजे एनबीएच्या खालची लीग, २००१ ला सुरू झाली, २०१७ पासून स्पॉन्सरमुळे तिचं नाव जी लीग झालं. मला तो दिवस आठवतो, आमच्या कोर्टवर पोरं नाचली होती, मी स्वतः पेढे आणले होते. पण सीझन सुरू व्हायच्या आधीच टीमने त्याला सोडलं, ही बातमी मला कोणत्याच पेपरात दिसली नाही. त्यामुळे आजही लोकांना वाटतं की तो तिकडे जाऊन खेळला. मुलाचा यात काही दोष नाही हो, तिथपर्यंत पोचणं हेच केवढं मोठं काम आहे, पण पुढची गोष्ट सांगितली असती तर कंडक्टर साहेबांच्या फाइलमध्ये ते कात्रण वेगळ्या कारणासाठी असतं.

आता हा ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ड्राफ्ट म्हटलं की लोकांना आयपीएलचा लिलाव दिसतो. लिलावात बोली लागली की पैसे ठरले, खेळाडू टीममध्ये गेला. इथे तसं नाही. खेळाडू आधी लीगशी करार करतो, टीमशी नाही, आणि पगार लीगने ठरवलेला असतो, पहिला नंबर आला काय आणि शेवटचा आला काय, बोली लागतच नाही. ड्राफ्टमध्ये फक्त एवढं ठरतं की तुम्हाला कॅम्पला, म्हणजे सीझनआधीच्या सराव शिबिराला, बोलवायचा हक्क कोणत्या टीमचा. मग कॅम्पमध्ये गेल्यावर तिथे मागच्या वर्षीचे खेळाडू असतात, वरच्या एनबीए टीमने सोडलेले पण आपल्याच खालच्या टीमकडे पाठवलेले असतात, २०१७ पासून टू-वे करारवाले, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळू शकणारे, पण असतात, आणि उरलेल्या दोनचार जागांसाठी ड्राफ्टवाले आणि लोकल ट्रायआउटमधून आलेले एकमेकांशी भिडतात. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दोनच राउंड असतात, इथे पलप्रीतच्या वर्षी त्याहून जास्त होते, आणि घेतलेल्यांपैकी कितीतरी जण पहिली मॅच व्हायच्या आधीच घरी जातात. हे वाक्य बातमीत एका ओळीत बसतं, तेवढंच मागतोय मी.

पगाराचंही तसंच. पलप्रीतच्या वर्षी तिथे दोनच ग्रेड होते, वर्षाला २६ हजार डॉलर किंवा १९ हजार डॉलर. १९ हजार म्हणजे तेव्हाच्या दराने बारा-तेरा लाख रुपये, राहायची सोय टीम करते, पण खेळायला अमेरिकेत राहायचं आणि टीमने कधीही सोडलं तर त्या दिवसापासून पुढे काही नाही. २०१८-१९ ला तो पगार ३५ हजार डॉलर केला. एजंटच्या पत्रकात मात्र आकडे एनबीएचे होते.

त्याच पत्रकात जोनाथन सिमन्स या अमेरिकन खेळाडूचा फोटो होता. गोष्ट खरी आहे, २०१३ मध्ये त्याने १५० डॉलर फी भरून डी-लीगच्या ऑस्टिन टोरोसचं ओपन ट्रायआउट दिलं, तिथून एनबीएच्या सॅन अँटोनियो स्पर्सपर्यंत गेला. पण एक तर तो ह्यूस्टनचा पोरगा, कॉलेजात खेळून आलेला, त्याला व्हिसाची भानगड नव्हती. आणि दुसरं म्हणजे फी १५० डॉलर होती! मग नऊ लाख कशाचे, हा प्रश्न मी त्या वडिलांना विचारला तेव्हा ते गप्प बसले, मलाच वाईट वाटलं.

मला विचाराल तर आमच्या पोरांना आंद्रे इंग्रम या अमेरिकन खेळाडूची गोष्ट सांगायला पाहिजे. २००७ ला डी-लीगच्या ड्राफ्टमध्ये यूटा फ्लॅशने घेतला, आणि मग जवळजवळ दहा वर्षं त्याच लीगमध्ये, पोट भरायला गणिताच्या ट्यूशन घेत. १० एप्रिल २०१८ ला एनबीएच्या लेकर्सने त्याला खेळवलं, वय ३२, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, आणि पहिल्याच मॅचला १९ पॉइंट. मी ती मॅच पाहताना रडलो, खोटं कशाला सांगू. पण ही गोष्ट सांगताना ती मधली दहा वर्षं सांगायला लागतात, ती गाळली की उरतं ते एजंटचं पत्रक.

आपल्या सतनाम सिंगचंच बघा ना. २०१५ ला डॅलसने त्याला ५२व्या नंबरवर घेतलं, एनबीए ड्राफ्टमध्ये गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला. त्याला मॅचेस मिळाल्या त्या टेक्सस लेजंड्सकडून, डी-लीगमध्येच, आणि त्याही थोडक्या मिनिटांच्या. अमज्योत सिंग मात्र ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून जी लीगमध्ये खरंच खेळला, त्याच्याबद्दल किती छापून आलं? माझ्या कोर्टवरच्या वीस मुलांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि सतनामचं सगळ्यांना माहीत होतं.

घरचीही एक गोष्ट सांगतो म्हणजे तक्रार फक्त अमेरिकेच्या बातमीची नाही हे कळेल. २०१५ ला आपल्याकडे यूबीए नावाची बास्केटबॉल लीग निघाली, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स या टीम होत्या, काही वर्षांत बंद पडली. ती बंद पडल्यावर त्या खेळाडूंचं काय झालं, कोण रेल्वेत लागलं, कोणी खेळच सोडला, हे कोणी जाऊन विचारलं असतं तर आज पालकांना कळलं असतं की स्पोर्ट्स कोट्याची नोकरी ही पण बास्केटबॉलमधलीच वाट आहे.

माझी मागणी साधी आहे. ड्राफ्टची बातमी छापताना कितव्या राउंडला घेतलं, पगार काय, कॅम्प कधी, हे लिहा, आणि सहा आठवड्यांनी तो खेळाडू टीममध्ये आहे का ते दोन ओळींत कळवा. आत असला तर पेढे परत वाटू, बाहेर असला तर तेही पोरांना सांगू.

जमीन अजून विकलेली नाही. मुलगा सध्या रेल्वेच्या ट्रायल्सची तयारी करतोय, रोज साडेपाचला कोर्टवर असतो. एजंटचा फोन मात्र अजून येतो. तुम्ही हे पत्र छापलं तर ते कात्रण मी स्वतः नेऊन त्या फाइलमध्ये लावणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर