पीजे परत येणार म्हणतात

प्रिय भो,

परवा तुझा फोन आला तेव्हा बाजारात होतो, धड बोलता आलं नाही, म्हणून आता रात्री सवडीने लिहायला बसलोय. तू विचारलंस ना की आपल्या पीजेचं, पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचं, शेवटी काय झालं, तर ब्रॉडगेज मंजूर झालीय भो, आणि नुसती पाचोरा ते जामनेर नाही तर पुढे बोदवडपर्यंत, सगळी मिळून ८४ किलोमीटर. ऐकून आनंद झाला आणि त्याच रात्री झोप पण नाही आली, का ते सांगतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी सहज आपल्या शेंदुर्णी स्टेशनकडे गेलो होतो. लाइनीत गुडघाभर गवत, मधेमधे बाभळी उगवल्यात, कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा गाडी थांबली आणि मग सगळ्या देशातल्या गाड्या हळूहळू चालू झाल्या तरी आपली काही परत आली नाही. १९१८-१९ च्या सुमाराला इंग्रजांनी हा कापसाचा पट्टा धरायला टाकलेली लाइन, अडीच फुटांचा रूळ, शंभर वर्षं पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, जामनेर असं माणसं घेऊन जात येत राहिली आणि एका दिवसात बंद पडली, निरोप पण देता आला नाही यार.

तुला जामनेरचं इंजिन आठवतं का? गाडी लागली की इंजिन सुटायचं, बाजूच्या लाइनीवरून दुसऱ्या टोकाला यायचं, खलाशी मधे वाकून कपलिंग लावायचा, ठण्ण आवाज व्हायचा आणि अख्ख्या गाडीतून एक हिसका जायचा. आपण पेरू खात ते बघत बसायचो, दर वेळी, जणू पहिल्यांदाच बघतोय. आणि सकाळी कॉलेजला जाताना वरखेडीला ती म्हातारी चढायची, मेथीचं गाठोडं घेऊन, "सरक ना रे भाऊ, मन्हं गाठोडं ठेवू दे" म्हणायची आणि उतरताना आपल्या हातात एकेक जुडी कोंबायची. तुझी आई त्या मेथीची भाजी करायची कळण्याच्या भाकरीबरोबर, ती चव अजून जिभेवर आहे.

ते गाठोडंच माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या गल्लीतली एक मावशी पाचोऱ्याच्या बाजाराला भाजी न्यायची, गाडी बंद झाल्यावर तिनं काळी-पिवळीने चार महिने करून बघितलं, पण तिथे गाठोड्याचं भाडं वेगळं, माणसाएवढंच, वर दहाच्या जागी चौदा जण बसवायचे. शेवटी तिनं धंदाच सोडला, आता गावातच दाराशी बसते आणि जे मिळेल त्याला विकते. लोक म्हणतात छोटी गाडी तोट्यात होती, असेल, पण हा मावशीचा तोटा कुणाच्या वहीत लिहिला गेला ते मला सांग.

आणि २०२१ ला दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, मी त्यांना काही बोलणार नाही, पण आपल्याकडे तेव्हा गाडी पण नाही आणि बस पण नाही. पुतणीचं अकरावीचं वर्ष, पाचोऱ्याला क्लास, एकदा जीपमध्ये दाराला लटकून आली संध्याकाळी, हात सोलून निघाला होता, भावानं दुसऱ्या दिवसापासून घरीच बसवलं. पोरगी हुशार रे. वर्षभर रडत होती. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्याचा खरंच फार आधार झालाय, आई पण त्यामुळेच मामाकडे जाते, पण आमच्याकडे संध्याकाळची बस कधी येईल आणि येईल की नाही याचा भरवसा नाही.

म्हणून ब्रॉडगेज हवीच, जुनीच छोटी गाडी ठेवा म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण भीती सांगतो. पाचोरा मुंबई लाइनीवर, बोदवड नागपूर लाइनीवर, मधे आपण. म्हणजे जळगाव-भुसावळची गर्दी टाळून मालगाड्या आणि लांबच्या गाड्या इकडून काढता येतील. त्या आपल्या दारावरून शिट्टी मारून निघून गेल्या आणि वरखेडीला थांबणारी दोन डब्यांची का होईना गाडीच नसली, तर साडेपाच फुटांचा रूळ घेऊन आम्ही काय करायचं? आणि तिकीट. लॉकडाऊननंतर पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लावून दहाचे तीस केले होते ते आठव, २०२४ च्या फेब्रुवारीत कुठे परत दहावर आले, मधली चार वर्षं गरीब माणसानं काय केलं असेल.

चांगलं उदाहरण पण जवळच आहे. चाळीसगाव-धुळे बघ, १९०० सालची लाइन, पूर्वी धुळ्याला पण इंजिन काढून फिरवायचा तोच खेळ, आता तिथे विजेवरची मेमू गाडी पळते. डब्याखालीच मोटर, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, वेग पटकन धरते म्हणून छोट्या स्टेशनांना थांबली तरी वेळ जात नाही. मागच्या महिन्यात मुद्दाम बसून आलो, जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, सगळीकडे पोरं चढत होती दप्तरं घेऊन आणि मला घशाशी आलं एकदम. बोरविहीरपासून नरडाण्याकडे ती मनमाड-इंदूरची नवी लाइन पण निघतेय. आपल्याला हेच पाहिजे, सकाळी कॉलेजच्या वेळेला एक, संध्याकाळी परत एक, दुपारी बाजाराची एक, प्रत्येक गावाला थांबणारी, आणि स्टेशनवर उतरलं की गावात जायला रिक्षा नाहीतर छोटी बस. यापेक्षा जास्त मागत नाही मी.

त्यासाठी एक निवेदन तयार करतोय. जुन्या प्रत्येक स्टेशनला थांबा आणि डब्यात सामानाला जागा, एवढ्या दोनच मागण्या. वरखेडी, पिंपळगाव, पहूर फिरून सह्या घेतोय, मावशीनं पहिला अंगठा दिला. तुझी सही फोनवर चालणार नाही, कार्तिकात त्रिविक्रमाच्या यात्रेला येशील तेव्हा घेईन. पण एक काम आत्ताच कर, तुझ्या त्या लोखंडी पेटीत आपला कॉलेजचा रेल्वेचा पास असेल बघ, माझा पावसात भिजून गेला. सापडला तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठव, निवेदनाला जोडायचाय. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
शेंदुर्णीकर दोस्त