बाबूस, राखेच्या बुधवारनंतर

प्रिय बाबू,

बुधवारी तू फोन ठेवलास तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, कपाळावरची राखपण अजून तशीच होती माझ्या. आई म्हणते नेटवर्क गेलं असेल, पण मला माहितीय तू ठेवलास. बोलायला गेलो की आपलं भांडणच होतं म्हणून लिहितोय. आणि आधीच सांगतो, चर्चला जातोस का हे मी विचारणार नाहीये.

आईचा रिपोर्ट तू बघितलाच. त्याच बाजूला पुन्हा आलंय. पहिली किमो झाली, आता दर 21 दिवसांनी. परळहून दादरला येताना मी टॅक्सी केली तर पूर्ण रस्ता मला ऐकवलं, बस काय बंद पडल्यात का म्हणून, आणि दादरला विरार लोकलमध्ये एका पोरीने उठून जागा दिली तर ही तिलाच म्हणते बस गं तू दमली असशील. एवढा जोर आहे अजून, तेव्हा तू उगाच रात्र रात्र गूगल करत बसू नकोस.

एक मात्र ऐकत नाही, उपवास. बुधवारी सकाळपासून पाण्यावर. मी म्हटलं अगं उपवास 18 ते 59 वयाला, आणि आजारी माणसाला सूट असते, फादरनी पण स्वतः घरी येऊन सांगितलं. तर म्हणते, मी 58 ची आहे, नियमात बसते. संध्याकाळी चक्कर आली तेव्हा कुठे कपभर पेज प्यायली. पूर्ण लेंट, म्हणजे ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ, मासे बंद आहेतच, डॉक्टर म्हणतात प्रोटीन द्या, आता मी रोज अंडी उकडतो आणि ती रोज माझ्याकडे असं बघते जसं काय मी चोरी केलीय. तू सांग जरा, तुझं ऐकते. तूपण नीट जेव, तिकडे थंडीत नुसत्या ब्रेडवर राहू नकोस, आणि रविवारी सकाळी... जाऊ दे.

तू म्हणालास, पप्पा, पाच वर्षांपूर्वी पण तुम्ही हेच सांगितलं होतंत, देवाने वचन दिलंय आई बरी होईल. आणि हसलास. ते हसणं मला रात्रभर ऐकू येत होतं.

खरं सांगू का. देवाने असं वचन कधी दिलंच नव्हतं. ते मी दिलं होतं, त्याच्या नावावर. तू तेव्हा बारावीला, जेवत नव्हतास, मला काहीतरी म्हणायचं होतं म्हणून म्हटलं. 26 जुलै आठवतो? 2005 ला, तू चार वर्षांचा, बालवाडीतून तुला खांद्यावर घेऊन येत होतो, माझ्या कमरेच्या वर पाणी. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला हे नंतर पेपरात वाचलं, तेव्हा आपल्याला काय माहीत. तू माझे केस धरून सारखं विचारत होतास पप्पा बुडणार नाही ना, आणि मी नाही नाही म्हणत होतो, मला रस्ता कुठला गटार कुठलं हेच दिसत नव्हतं रे. शेवटी गेलोच गटारात, दोघं गळ्यापर्यंत, तुझा पिवळा डबा वाहून गेला. घरी येऊन तू आईला पहिलं काय सांगितलंस, पप्पा पडले.

बायबलात यशयामध्ये आहे ना, पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. पाणी येणारच नाही असं कुठेय त्यात? मी इतकी वर्षं वाचलं आणि तेवढंच गाळलं. आणि हसायचं म्हणशील तर अब्राहाम पण हसला होता, शंभर वर्षांच्या माणसाला मुलगा होणार म्हणून, सारा पण हसली तंबूत. देवाच्या वचनावर घर सोडून निघाला तेव्हा 75 चा, मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 चा, मध्ये 25 वर्षं. देवाने रागावून वचन मागे घेतलं नाही, उलट पोराचं नावच तसं ठेवायला सांगितलं, हसतो म्हणून. तेव्हा तू हसलास त्याचं मला... लागलं, पण भीती त्याची नाही. तू एकटा एवढ्या लांब, तिकडे धरायला काही ठेवलं नाहीस तर, याची आहे.

बघ, लेक्चर झालंच. सॉरी.

एक गंमत सांगतो. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी तू घरी होतास, झावळीचा क्रूस विणला होतास, वाकडा. राखेसाठी जुन्या झावळ्या चर्चमध्ये गोळा करत होते तेव्हा मी घराघरातल्या नेऊन दिल्या, आपला मात्र आईने दिला नाही. वेदीच्या फोटोमागून काढून उशीखाली ठेवलाय. मी म्हटलं जाळायचा असतो, तर म्हणते बाबूने केलाय. मग मीच शेजाऱ्यांची झावळी आपली म्हणून दिली, कन्फेशनला सांगावं लागेल.

तुझी पीआरची, तिकडे कायम राहायच्या परवानगीची, फाइल पुढे सरकली का? मी सगळ्यांना सांगत सुटलोय होणार म्हणून, तेपण माझंच वचन.

आणि चर्चचं विचारत नाहीये. पण शुक्रवारची क्रुसाची वाट, ती प्रार्थना, तिकडेपण असेल ना? किती वाजता असते?

पप्पा