सायली, ती ऑक्टाव्हिया राहू दे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीहून तू पाठवलेल्या जुन्या गाड्यांच्या तिन्ही जाहिराती (फोर्ड फोकस, स्कोडा ऑक्टाव्हिया, टोयोटा ऑरिस) नीट बघितल्या. फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही फक्त बोट दाखवा, मी तीच घेते." असं बोट दाखवता येत नाही गं. मॉडेल निवडायला फारशी अक्कल लागत नाही. त्या मॉडेलच्या शेकडो जुन्या गाड्यांतून नेमकी कुठली घ्यायची, तिथे माणूस फसतो. म्हणून हे लांबलचक पत्र. अनिकेतरावांनाही वाचायला दे.

आधी त्यांच्या एसयूव्हीच्या हट्टाबद्दल. तुमचं बजेट बारा हजार युरोंच्या आतलं. तेवढ्यात मिळणारी एसयूव्ही त्याच पैशातल्या कॉम्बीपेक्षा (टप मागपर्यंत लांब नेलेली, डिकी केबिनला जोडलेली गाडी) जुनी किंवा जास्त पळालेली असणार, कारण उंच गाडीला मान आहे आणि मानाचे पैसे मोजावे लागतात. सामान टाकायला मात्र कॉम्बीच बरी. तिच्या डिकीचा उंबरा खाली असतो, ईशानची प्रॅम कंबर न मोडता आत जाते आणि टपावर सायकली बांधायला स्टूल लागत नाही.

आपल्याकडे ही जात टिकली नाही याचं मला वाईट वाटतं. टाटा इस्टेट १९९२ ला आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ ला इंडिगो मरिना. चांगल्या गाड्या होत्या, पण लोक म्हणायचे, मागून ॲम्ब्युलन्स दिसते. आपल्या लोकांना डिकी वेगळी उठून दिसल्याशिवाय मोठी गाडी घेतल्याचं समाधान नाही. त्यात २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांवरचा कर उतरला. मग कंपन्या गाडीची शेपूट कापायला लागल्या, लांबवणार कोण? जर्मनीत उलट आहे. तिथे कॉम्बी ही साध्या घरसंसाराची गाडी, त्यामुळे बाजारात भरपूर, आणि भरपूर म्हणजे घासाघीस करायला जागा.

डिझेल नको. स्वस्त दिसतील, मोह होईल, तरी नको. तुझं ऑफिस जवळ, पाळणाघर त्याहून जवळ. डिझेलच्या धुराड्यातल्या फिल्टरला साठलेली काजळी जाळायला लांबची, गरम पळ लागते. रोज दहा मिनिटं चालवलीस तर तो तुंबणार आणि बदलायचा खर्च तुझ्या गळ्यात. शिवाय श्टुटगार्ट पडलं डोंगरांच्या वाटीत, तिथली हवा हलत नाही. २०१९ मध्ये त्यांनी युरो-४ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या डिझेलला शहरबंदी केली आणि पुढच्या वर्षी मधल्या भागात युरो-५ लाही. उद्या काय नियम येईल याचा घोर आपण कशाला विकत घ्यायचा?

आता तुझ्या तीन गाड्या.

फोकस सगळ्यात स्वस्त, म्हणून तुझा जीव तिच्यात अडकलाय हे कळलं. पण ती मॅन्युअल आहे. तू परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीस, तुझ्या लायसन्सवर ७८ चा शिक्का आहे, म्हणजे ती एकटे अनिकेतराव चालवणार आणि तू परत बसची वाट बघणार. दुसरं म्हणजे तिच्या एक लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (झडपा वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) तेलात बुडून फिरतो. रबर झिजून त्याचे कण तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकले की इंजिन तेलाविना मरतं. कंपनीने दिलेली मुदत दहा वर्षं किंवा २,४०,००० किलोमीटर. गाडी २०१४ ची. किलोमीटर कमी असले तरी वर्षं भरली आहेत, बेल्ट बदलल्याची पावती जाहिरातीत नाही, आणि ते काम स्वस्तातलं नव्हे. विषय संपला.

ऑक्टाव्हियावर मात्र माझाच जीव आहे. स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या ऑक्टाव्हिया मी नोकरीभर बघितल्या. दार लावल्यावरचा तो आवाज अजून आवडतो. डिकी ६१० लिटर, म्हणजे बंगल्याची ओसरीच. १.४ टीएसआय इंजिनही २०१५ चं, म्हणजे टायमिंगच्या साखळीची कटकट मिटवून बेल्टवर आलेल्या पिढीचं, तक्रार नाही. अडचण गिअरबॉक्सची. या इंजिनाबरोबर येतो तो सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. त्याचे दोन क्लच कोरडे असतात आणि गर्दीत रांगत चालताना तेच झिजतात. त्याच्या मेकॅट्रॉनिक भागाचीही (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची) जगभर बोंब झाली. सगळेच बिघडतात असं नाही, लाखो चालताहेत. पण हा घरगुती विक्रेता आहे, त्याने हमी नाही असं आधीच लिहून टाकलंय. बिघडला तर तुझा तू.

आणि चौथा फोटो मोठा करून बघ. मागचं झाकण आणि बंपर यांच्यातली फट डावीकडे नखाएवढी आहे, उजवीकडे बोट जाईल एवढी. फोटो तिरका असेल म्हणून पाचवा पाहिला, त्यातही तेच. वर लिहिलंय, "आधीच्या मालकाच्या सांगण्यानुसार अपघात नाही." म्हणजे हा स्वतः काही सांगायला तयार नाही. मागून ठोकर बसून दुरुस्त झालेली गाडी वाईटच असते असं नाही, पण लपवलेली वाईट.

राहिली टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स, हायब्रिड, २०१६, १,१८,००० किलोमीटर. दिसायला मिळमिळीत आहे हे मान्य. पण यंत्र म्हणून मला तिचं फार कौतुक वाटतं. तिला स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, फॅनबेल्ट नाही. टायमिंगला साखळी. इंजिन आणि दोन मोटरी एका प्लॅनेटरी गिअरने जोडल्यात, त्यालाच लोक ऑटोमॅटिक म्हणतात. जे भाग नेहमी बिघडतात ते बसवलेच नाहीत, मग बिघडणार काय? ब्रेकही निम्मं काम मोटरीवर सोपवतात, म्हणून पॅड खूप टिकतात. फक्त त्यामुळे डिस्क गंजतात, त्यात तिकडचं रस्त्यावरचं मीठ. मागच्या चाकांतून टॉर्च मारून डिस्क बघ, चकचकीत पट्टा हवा.

उणं काय ते आधीच ऐकून ठेव. ऑटोबानवर चढाला ॲक्सिलरेटर दाबलास की इंजिन मिक्सरसारखं ओरडतं आणि वेग त्या मानाने वाढत नाही. अनिकेतराव नाराज होणार. डिकी ५३० लिटर, ऑक्टाव्हियापेक्षा ८० ने कमी, म्हणजे विमानाची एक मोठी बॅग कमी. आम्ही उन्हाळ्यात येऊ तेव्हा ती बॅग आईच्या मांडीवर. गंमत सोड, पण हे लिटर मोजतात एक-एक लिटरचे ठोकळे रचून, आणि तुझी प्रॅम काही ठोकळ्यांची नाही. म्हणून प्रॅम आणि सायकलमागची ईशानची ती घडीची गाडी सोबत घेऊन जा आणि डीलरसमोर आत घालून बघ. लाजू नकोस. मागच्या सीटवर ईशानची खुर्चीही बसवून बघ, पुढच्या माणसाचे गुडघे कुठे येतात ते कळेल.

हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला हवा केबिनमधूनच मिळते. सीटच्या बाजूला जाळी दिसेल. ती धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी भरली असेल तर बॅटरी तापत राहिली आहे असं समज. टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीची तपासणी करून कागद देतात, तो माग. कूलंटची पातळी बघ. आणि इंजिन थंड असतानाच बघायला जा, बॉनेटला हात लावून खात्री कर. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना इंजिन खडखडलं आणि कूलंटही कमी असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घ्यायची आणि निघून यायचं. नुसतं बटण दाबून इंजिन सुरू होईलच असं नाही, हीटर पूर्ण लाव, मग होईल.

आता माझ्या धंद्यातल्या गोष्टी. डिकीतला गालिचा उचल, खालचा फोमचा ट्रे काढ. पत्र्याच्या जोडावर सीलंटची रेघ असते. कारखान्याची रेघ सरळ, एकसारखी. गॅरेजवाल्याने बोटाने फासलेली ओळखू येतेच. तिथे पत्र्याला सुरकुती असेल तर मागून मार बसलाय. पुढे बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांची डोकी बघ, रंग उडून पान्याचे ओरखडे असतील तर पत्रे उतरवले होते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातला शिक्का वाच, कंपनी आणि वर्षाचा आकडा जुळला पाहिजे. समोरची काच वेगळी असली तर चालेल, ती खड्याने फुटते. दाराची वेगळी असेल तर विचारायचं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. अगदी शेवटपर्यंत, जिथे एरवी कोणी ओढत नाही. २००५ च्या २६ जुलैनंतर आम्हा विम्याच्या सर्व्हेअरना मुंबईला बोलावून घेतलं होतं. पुढे पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून, सुगंधी फवारे मारून भलत्याच गावात विकायला आलेल्या पाहिल्या. सीट नव्या, गालिचे नवे, पण बेल्ट खांबातून पूर्ण बाहेर काढला की शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ. ती कोणी धूत नाही. तुमच्याकडे २०२१ च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला होता, तेव्हा हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नकोस. तसंच टपावरून तिरक्या उजेडात नजर फिरव. २०१३ च्या जुलैत तुमच्या शेजारच्या रॉइटलिंगेनला केवढी गारपीट झाली होती! तो भाग गारांचाच आहे, आणि गारेचे खड्डे समोरून दिसत नाहीत.

किलोमीटरचं म्हणशील तर १,१८,००० ला घाबरू नकोस. मीटर मागे फिरवणं जर्मनीत गुन्हा आहे, तरी फिरवणारे फिरवतात. दर दोन वर्षांनी ट्युफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे ना याची सक्तीची तपासणी होते आणि त्या कागदावर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात. जुने सगळे कागद माग आणि आकडे वर्षानुसार चढत गेलेत ना बघ. सर्व्हिसच्या शिक्क्यांशी ताडून बघ. ज्याने कागद जपून ठेवले त्याने तेलही वेळेवर बदललेलं असतं, हा माझा अनुभव आहे.

ऑरिस डीलरकडची आहे हे तिच्या किमतीत धरून चाल. डीलरने विकलेल्या जुन्या गाडीवर कायद्याने निदान एक वर्षाची जबाबदारी त्याची असते आणि त्या वर्षात दोष निघाला तर तो आधी नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. म्हणून करारावर विक्रेता कोण ते वाच. काही जण "ग्राहकाच्या वतीने विक्री" असं लिहून हात झटकतात, तुझ्या फोकसच्या जाहिरातीत तळाला तेच आहे. "बास्टलर" शब्द दिसला तर उठून यायचं, ती दुरुस्तीची हौस असणाऱ्यांसाठी विकलेली गाडी. विंटर टायरचा संच देतोय म्हणतो तर टायरवर डोंगर आणि हिमकण्याचं चिन्ह हवं. शिवाय चार अंकी आकडा वाच, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. जुने झालेले टायर फुकट दिले तरी ते फुकट नसतात, तेवढे पैसे किमतीतून काप.

विम्यात थर्ड पार्टी सक्तीचीच आहे, त्यावर टाइलकास्को घे. चोरी, आग, गारा आणि हरणाची धडक त्यात येते. पूर्ण कव्हरचा हप्ता नवख्यांना जड असतो, आधी कोटेशन घेऊन बघ, मग ठरवू. तुमच्याकडचे सगळे साडेअकरा हजार युरो गाडीतच घालू नकोस. पहिली सर्व्हिस, नोंदणी आणि विमा एकाच महिन्यात येतात.

माझं मत ऑरिसला आहे, पण ते त्या ठरावीक गाडीच्या कागदांवर आणि सीटबेल्टवर अवलंबून. त्यात काही खटकलं तर दुसरी ऑरिस शोध, ऑक्टाव्हियाकडे परत वळू नकोस. पैसे देण्याआधी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचीच. डेकराचं मुख्यालयच श्टुटगार्टला आहे, जुन्या गाडीची तपासणी ते करतात. डीलर नको म्हणाला तर त्याचं उत्तर तेच.

तपासणीची वेळ मिळाली की कळव. रिपोर्ट जर्मनमध्ये असला तरी आहे तसा पाठव, आकडे आणि फोटो मला वाचता येतात. आणि ईशानला म्हणावं, नंबर प्लेटवर तुला कुठली अक्षरं हवीत ते आजोबांना सांग. तिकडे ती थोडी आपल्या मनाने निवडता येतात म्हणे.

तुझा,
बाबा