सांध्यांच्या वेगवेगळ्या आजारांना एकच नाव नको

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत सांधेदुखीवर नुकत्याच आलेल्या लेखात ‘आर्थ्रायटिस म्हणजेच संधिवात’ असे म्हणून गुडघ्यांची झीज, आमवात आणि युरिक ॲसिड वाढल्याने होणारा त्रास यांची माहिती एकाच ओघात दिली आहे. वैद्यकीय अहवालांचा फ्रेंच व इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हे माझे काम असल्याने या सरमिसळीचे परिणाम मला जवळून दिसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, हळूहळू खराब होत जाते आणि हाडांच्या कडांवर नवे हाड वाढू लागते, त्या आजाराला फ्रेंच भाषेत ‘आर्त्रोझ’ म्हणतात. सांध्याच्या आतील आवरणाला मूलतः दाह होऊन सांधा सुजतो, तो ‘आर्त्रीत’. हा भेद केवळ तज्ज्ञांपुरता नाही. फ्रान्समधील सामान्य माणूसही बोलताना हे दोन शब्द वापरतो. आर्त्रोझच्या आधी सांध्याचे नाव जोडले की निदान आणखी नेमके होते. गुडघ्याचा तो ‘गोनार्त्रोझ’, खुब्याचा ‘कोक्सार्त्रोझ’, अंगठ्याच्या मुळाशी होणारा ‘रिझार्त्रोझ’. यातील ‘गोन’ हा गुडघ्यासाठीचा ग्रीक शब्द आणि आपला ‘जानु’ एकाच मुळातून आले आहेत, हे मराठी वाचकाला आवडावे. मणक्याच्या क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या हाडांच्या वाढीला तर तिथे सरळ ‘पोपटाची चोच’ म्हणतात.

इंग्रजीत मात्र आर्त्रोझला ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणतात आणि आर्त्रीतच्या एका प्रकाराला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’; दोन्ही नावांच्या शेवटी दाह सुचवणारा ‘आयटिस’ हा तोच प्रत्यय येतो. डॉक्टरांचा गोंधळ होत नाही, पण रुग्णाच्या कानावर बहुधा ‘आर्थ्रायटिस’ एवढेच पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इंग्रजीतही ‘आर्थ्रोसिस’ हेच शीर्षक होते आणि ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हा त्याचा समानार्थी शब्द मानावा, अशी टीप होती. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत इंग्रजी मजकुरात ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हाच शब्द स्थिरावला आहे. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. या आजारातही सांध्याच्या आवरणाला सौम्य दाह होतो, हे आता मान्य झाले आहे. आणि आर्त्रोझचा गुडघाही अधूनमधून सुजतो, त्या काळासाठी फ्रेंच डॉक्टरांकडे ‘पूसे’ असा वेगळा शब्द आहे. तेव्हा शास्त्राच्या काटेकोर कसोटीवर फ्रेंच नाव सरस आहे, असा माझा आग्रह नाही. रुग्णाला आपला आजार कोणता हे पहिल्याच शब्दात कळते, एवढ्यासाठी मला ते महत्त्वाचे वाटते.

हे कळणे का आवश्यक आहे, ते उपचारांवरून लक्षात येईल. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर हल्ला करते आणि मेथोट्रेक्सेटसारखे औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचू शकतात. चाळिशीच्या आतील स्त्रीलाही तो होतो. माँट्रियल किंवा पॅरिसहून आलेल्या अहवालातील ‘पोलिआर्त्रीत र्‍युमातोईद’चे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे हे फ्रेंच नाव) भाषांतर नुसते ‘संधिवात’ असे झाले, तर घरातील माणसे ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून तेल चोळत बसतात आणि औषधाचे मोलाचे महिने निघून जातात. याउलट गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये मेथोट्रेक्सेट हा नेहमीचा उपचार नव्हे. तिथे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हे पायाभूत उपचार आहेत.

मराठीत शब्द नाहीत असे मुळीच नाही. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, चरकसंहितेत वातरक्ताचा (युरिक ॲसिडच्या त्रासाशी मिळत्याजुळत्या विकाराचा) वेगळा विचार केलेला आहे आणि आयुर्वेदाचे वैद्य ‘संधिगत वात’ हा शब्द आजही वापरतात. या संज्ञा आधुनिक निदानांशी तंतोतंत जुळत नाहीत हे खरे. पण आजार वेगळे तर नावे वेगळी, ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. ‘संधिवात’ या एका शब्दात सगळे कोंबण्याची सवय आपणच लावून घेतली आहे. ‘झीज’ हा शब्दही मला खटकतो. गुडघा टायरसारखा झिजतो असा समज त्यातून होतो आणि झीज वाढेल या भीतीने माणसे चालणे सोडून देतात. मग स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते.

आपल्या उपसंपादकांना माझी विनंती आहे की, ‘संधिवात’ हा शब्द यापुढे एकटा छापू नये. ऑस्टिओआर्थ्रायटिस असेल तर ते नाव सांध्याच्या उल्लेखासह द्यावे आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल तर तसे स्पष्ट लिहावे. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात की तासाभराहून अधिक आखडलेले राहतात, हा या दोहोंतील एक महत्त्वाचा फरकही वाचकांना सांगावा. उल्लेखिलेल्या लेखातील चौकटीत ‘संधिवाताच्या सर्व रुग्णांनी शक्यतो विश्रांती घ्यावी’ असा सल्ला आहे. गुडघेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांसाठी तो चुकीचा असल्याने त्याची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत, त्याच जागी प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे