माउसवरून उचललेल्या त्या हातासाठी

प्रिय दादा,

माझा अल्बम लोकांपर्यंत पोहोचला. श्रेयनामावलीत तुमच्या वाट्याला एकच ओळ आली आहे, 'मिक्सिंग आणि मास्टरिंग', म्हणजे सुटे आवाज एकत्र बसवून गाण्याला शेवटचं रूप देणं, आणि तीही तुम्हीच लहान करायला लावलीत. तेवढ्यावरून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. तुमच्यासारख्या भिडस्त माणसाला असं चारचौघांत गाठणं बरं नव्हे, हे कळतंय मला. तरी लिहिते, कारण हे सगळं मनात अजून इतकं ताजं आहे की बोलल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक शहर आहे. चौकाचौकात भोंगे आहेत, आणि घराघरात एकेक लहान भोंगा, ज्याला बंद करायचं बटणच नाही. पहाटेपासून सूचना सुरू होतात. कधी उठायचं, कुठल्या रांगेत उभं राहायचं, आजपासून कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. या शहरात कुणी कुणाला मारत नाही. फक्त कुणालाही स्वतःच्या विचारांबरोबर एकटं राहू देत नाहीत. गोष्ट त्या सूचना वाचणाऱ्या बाईची आहे. दहा गाणी आणि मधेमधे तिचा आवाज. सातव्या गाण्याच्या शेवटी भोंग्यांची तार तुटते आणि चाळीस सेकंद काहीही ऐकू येत नाही. त्या शहरातली ती पहिली शांतता. मग आठव्या गाण्यात ती बाई प्रथमच स्वतःच्या मनातलं बोलते.

सगळा अल्बम मी त्या चाळीस सेकंदांसाठी लिहिला. आधीची सात गाणी दाटीवाटीची, कान किटवणारी आहेत ती त्यासाठीच. आणि तुमच्याकडे येण्याआधी मी ज्या ज्या दारात उभी राहिले, तिथे नेमके हेच चाळीस सेकंद आडवे आले.

एका कंपनीतल्या गृहस्थांनी पहिलंच गाणं अर्ध्यावर थांबवलं. "गोष्ट चांगली आहे हो, पण आज गोष्ट ऐकायला वेळ कुणाला आहे? तीन मिनिटांचं एक सुटं गाणं द्या, पहिल्या तीस सेकंदांत पकड घेणारं." तीस सेकंदांचं गणित मलाही ठाऊक आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. पण ज्या शहरात माणसाला विचार पुरा करू देत नाहीत त्या शहराची गोष्ट तीस सेकंदांच्या मापात कापून द्यायची? मी त्यांना 'रश' या कॅनडाच्या बँडचं उदाहरण दिलं. आधीचा अल्बम चालला नव्हता, कंपनीला आटोपशीर गाणी हवी होती, आणि 1976 साली त्या तिघांनी '2112' काढला. त्या तबकडीची अख्खी पहिली बाजू, वीस मिनिटांहून जास्त, एकच सलग गोष्ट सांगते. लोकांनी काय वाचायचं, काय गायचं हे पुजारी ठरवतात अशा जगाची. त्याच अल्बमनं त्यांना तारलं. मी हे बोलत असताना ते गृहस्थ फोनवर काहीतरी वाचत होते.

दुसऱ्या एका स्टुडिओनं काम हातात घेतलं. पहिल्या भेटीतच विचारलं, "संगीत कुणी केलंय?" मी म्हटलं, मी. "हो, पण संगीत संयोजन वगैरे कुणी केलं?" तेही मीच. तरी पुढचे सगळे प्रश्न माझ्याबरोबर आलेल्या गिटारवाल्या मुलाला विचारले गेले. त्यांच्याकडून मिक्स आला तो ऐकून मला रडू फुटलं. लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरावीक उंचीवर जाऊ न देणारं साधन, इतका दाबून लावला होता की तिसऱ्या गाण्यातली कुजबुज आणि सहाव्यातली किंकाळी दोन्ही एकाच उंचीवर येऊन बसल्या होत्या. "आजकाल सगळ्यांना असंच मोठं लागतं," असं उत्तर मिळालं. हे खरंसुद्धा नाही. गाणी ऐकवणारे मोठे प्लॅटफॉर्म सगळ्यांची गाणी साधारण उणे 14 ते उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे आपोआप खाली ओढलं जातं, आणि गेलेला चढउतार काही परत येत नाही. माझ्या गोष्टीतले राज्यकर्ते नेमकं हेच करतात. कुणाचा आवाज कमी नाही, कुणाचा जास्त नाही, सगळं एका पट्टीत. मी ज्याच्याविरुद्ध लिहिलं तेच माझ्या गाण्यांना करून परत पाठवलं होतं. आणि सातव्या-आठव्याच्या मधली शांतता तर गायबच. सोबत निरोप होता, "फाइलमध्ये रिकामी जागा राहून गेली होती, काढून टाकली."

आणखीही काही जण होते. त्यांच्याबद्दल लिहावं असं काही नाही.

तुम्ही आधी गोष्ट मागितलीत, गाणी नंतर. लिहिलेली पानं ठेवून घेतलीत, आणि मी परत आले तेव्हा त्यांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. चौथ्या गाण्यापाशी लिहिलं होतं, 'हिला हे ठाऊक आहे का, की अजून नाही?' माझ्या नायिकेबद्दल मला तोवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 1979 च्या 'द वॉल' अल्बमच्या वेळी निर्माता बॉब एझ्रिननं सगळ्या कथेची चाळीसेक पानांची संहिता बसून लिहून काढली होती, हे मी वाचलेलं होतं. असं कुणी आपल्या वाट्याला येईल असं मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

मग तुम्ही गाणी लावलीत. काही सोहळा केला नाहीत, प्रस्तावना केली नाहीत. मधे एक शब्द नाही. सातवं गाणं शेवटाकडे आलं तसं माझं सगळं लक्ष तुमच्या उजव्या हाताकडे गेलं. कारण याच जागी किती जणांचे हात मी माउसकडे झेपावताना पाहिले होते! कुणी पुढचा ट्रॅक लावायला, कुणी "फाइल अडकली वाटतं" म्हणत. तार तुटली. पडद्यावरची लाट सपाट झाली. तुमचा हात माउसवर होता. तुम्ही तो उचललात, मांडीवर ठेवलात आणि बसून राहिलात. पूर्ण चाळीस सेकंद. पडद्याकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडेही नाही.

दादा, तुम्हाला ते आठवतही नसेल. पण इतकी वर्षं डोक्यात बाळगलेली एक जागा त्या क्षणी माझ्याबाहेर खरी झाली. ती दुसऱ्या कुणीतरी जशीच्या तशी ऐकली होती. तुम्ही नंतर माझ्यासाठी जे जे केलंत त्या सगळ्याहून मला तो हात मोठा वाटतो.

गाणी संपल्यावर तुम्ही कौतुक केलं नाहीत. म्हणालात, "त्या जागी पूर्ण शून्य नको. पूर्ण शून्य आलं की ऐकणाऱ्याला वाटतं यंत्रच बंद पडलं. तुमचं शहर गप्प झालंय, मेलेलं नाही. हवा राहू द्या." इतकी साधी गोष्ट, पण आवाजाचं काम करणाऱ्या माणसालाच ती सुचावी. डिजिटल शून्यात काहीच नसतं, आणि खऱ्या खोलीत कधीच 'काहीच नाही' असं नसतं.

आणि मग ती हवा तुम्ही तुमच्या खोलीतून दिलीत. सगळे निघून गेल्यावर एसी बंद केलात, बाहेरच्या फ्रीजचा प्लग काढलात. माइक मधोमध उभा केलात आणि त्याचा गेन, म्हणजे बारीक आवाज टिपायची ताकद, इतका वर नेलात की माझ्या दुपट्ट्याची सळसळसुद्धा मीटरवर उठत होती. शेवटी मनगटावरचं घड्याळ काढलंत, रुमालात गुंडाळून बाहेरच्या टेबलावर ठेवून आलात, कारण त्याचा काटा ऐकू येत होता. मला येत नव्हता. मग आपण दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो आणि काहीच केलं नाही. लांबवर एक गाडी गेली. मला वाटलं, आता पुन्हा घ्यावं लागणार. तुम्ही मान हलवून 'राहू दे' म्हणालात. आज अल्बममध्ये ती गाडी आहे. हेडफोन लावून नीट ऐकलं तर सापडते. एका श्रोत्यानं मला लिहिलं की ती ऐकून त्याला त्या शहराला वेस असल्याचं पहिल्यांदा जाणवलं. वेशीबाहेरही कुठेतरी माणसं असतील असं वाटलं. मी गोष्टीत हे कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही न पुसलेल्या एका आवाजातून ते त्याच्यापर्यंत गेलं.

सूचनांच्या आवाजाचंही तसंच. संगणकात आवाज बदलणारं एखादं प्लग-इन लावून भागलं असतं, ऐकणाऱ्या बहुतेकांना फरक कळला नसता. तुम्ही जिन्यात खराखुरा भोंगा टांगलात आणि माझा आवाज त्यातून वाजवून पुन्हा रेकॉर्ड केलात. जुन्या टेलिफोनवर आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झच्या पट्ट्यातच जायचा, त्याखालचा खर्ज आणि त्यावरचे बारीक आवाज गळून पडायचे. सुरुवातीला ती बाई तेवढ्याच फटीतून बोलते, म्हणून तिला छाती नाही, श्वास नाही. प्रत्येक सूचनेगणिक तुम्ही ती फट अगदी किंचित रुंद करत नेलीत. आठव्या गाण्यात ती बोलायला तोंड उघडते तेव्हा ओठ सुटल्याचाही आवाज येतो. तो आवाज मी स्वतः 'साफ करा' म्हणून खूण करून दिला होता. तुम्ही विचारलंत, "हिला इतक्या वर्षांनी तोंड सापडलंय, तेही पुसायचं?" नाही पुसला.

अंधाऱ्या उद्याची गोष्ट म्हटली की लोकांना यंत्रं, धूर, सायरन आठवतात. मला ती लिहावीशी वाटली ती वेगळ्याच भीतीपोटी. सगळे बोलताहेत आणि कुणीच शेवटपर्यंत ऐकत नाही, याची ती भीती. अल्बम घेऊन फिरताना ही भीती मला रोज खरी होताना दिसत होती. माणसं वाईट नव्हती. घाईत होती, आणि आपण घाईत आहोत म्हणजे आपण मोठे आहोत असं समजत होती. तुमच्याकडेही कामांची रांग होती, दारात दोन जण थांबलेले मी पाहिले होते. तरी तुम्ही एका अनोळखी बाईचं काम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकून घेतलंत आणि मगच तोंड उघडलंत. याला कौशल्य लागत नाही हो. ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, समोरच्याच्या कामाला हात लावण्याआधी ते काय आहे ते विचारायचं, काम ज्याचं त्याच्याशीच बोलायचं. सभ्यपणा म्हणजे एवढंच असतं, आणि या धंद्यात मला तो इतका उशिरा भेटला याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांनी आधी दारं लावली त्यांच्यावरचा राग आहे तो. तो राग असूनही तुमच्याबद्दल लिहिताना हात हलका होतो.

तुमच्या हाताखालच्या मुलीलाही माझे आभार सांगा. पहिल्या दिवशी तिनं वहीत माझ्या नावापुढे न विचारता 'संगीतकार' लिहिलं. तुम्ही तिला तशीच ओळख करून दिली होतीत, ते मी ऐकलं होतं.

आता एक तक्रार. सीडीसाठी गाण्यांचे सांधे तुम्ही पुन्हा बसवून दिलेत. तिथे सेकंदाचे पंच्याहत्तर भाग धरतात आणि ट्रॅकची हद्द त्यातल्या दोन भागांच्या सीमेवरच पडावी लागते, म्हणून सगळेच सांधे नव्यानं तपासलेत. त्याचं बिल अजून आलेलं नाही. मी विचारलं तर विषय बदलता. दादा, ते काम आहे आणि त्याचे पैसे व्हायलाच हवेत. या आठवड्यात बिल पाठवा. नाही पाठवलंत तर आकडा मीच ठरवीन, आणि तो तुमच्यापेक्षा मोठा असेल.

तुमची,
त्या चाळीस सेकंदांवाली